चिपर यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

फळबागेची छाटणी आटोपली की बांधावर फांद्यांचे ढीग उभे राहतात. जुन्या आंब्यांचे पुनरुज्जीवन असो, काजूची विरळणी असो, किंवा द्राक्षबागेची एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी असो, या ढिगांचे काय करावयाचे हा प्रश्न बागायतदारांपुढे प्रत्येक हंगामात येतो. पूर्वी जाड फांद्या सरपणास जात व बारीक काटक्या चुलीत किंवा कोकणात राब भाजण्याच्या कामी येत. घरोघरी गॅस आल्यामुळे ही गरज कमी झाली. परिणामी पुष्कळ ठिकाणी हे ढीग जागच्या जागी पेटवून दिले जातात आणि जमिनीस मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्य धुरावाटे निघून जाते.

फांद्यांच्या बारीक ढलप्या करणारे चिपर यंत्र हा या प्रश्नावरील एक चांगला उपाय होय. तथापि यंत्र घेताना त्याची किंमत जितक्या बारकाईने विचारली जाते, तितक्या बारकाईने ते बाळगण्याचा व चालविण्याचा खर्च विचारला जात नाही. गेल्या उन्हाळ्यात एका बागेची पाहणी करीत असता गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झाकलेले असे एक यंत्र प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीस पडले. तीन हंगामांत ते किती तास चालले, असे विचारता मालक म्हणाले, "साठएक तास चाललं असेल, साहेब." कर्जाचा हप्ता मात्र दर वर्षी चुकता भरावा लागत होता. यंत्रात दोष नव्हता. खरेदीपूर्वी हिशेब झाला नव्हता, एवढेच.

स्थिर खर्च

यंत्राच्या खर्चाचे दोन भाग पडतात. यंत्र चालो वा न चालो, जो खर्च होतच राहतो तो स्थिर खर्च. यंत्र चालेल त्या प्रमाणात होतो तो चालू खर्च. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा.

समजा, ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर चालणाऱ्या चिपरची किंमत २,५०,००० रु., आयुष्य १० वर्षे किंवा २,५०० तास आणि शेवटी मोडीची किंमत २५,००० रु. आहे. मग वार्षिक स्थिर खर्च असा येईल :

घसारा (२,२५,००० ÷ १०) : २२,५०० रु.
व्याज (सरासरी गुंतवणूक १,३७,५०० रु. वर १२ टक्के) : १६,५०० रु.
निवारा व विमा (किमतीच्या २ टक्के) : ५,००० रु.
एकूण : ४४,००० रु.

यंत्र रोखीने घेतले तरी व्याज धरणे आवश्यक आहे, कारण तीच रक्कम अन्यत्र गुंतविली असती तर तिचे उत्पन्न मिळाले असते. सरासरी गुंतवणूक म्हणजे खरेदीची व मोडीची किंमत यांच्या बेरजेची निमपट होय.

चालू खर्च

दर तासाचा चालू खर्च पुढीलप्रमाणे धरता येईल :

डिझेल, ४ लिटर, दर ९० रु. प्रमाणे : ३६० रु.
तेल व ग्रीस : ४० रु.
ट्रॅक्टरची झीज व घसारा : १५० रु.
एक चालक व दोन मजूर (८ तासांचे १,६०० रु.) : २०० रु.
पाती व त्यांस धार लावणे : ८० रु.
पट्टे, बेअरिंग व इतर दुरुस्ती : ७० रु.
एकूण : ९०० रु.

यांपैकी ट्रॅक्टरची झीज बहुधा हिशेबातून सुटते. ट्रॅक्टर घरचा असला तरी त्याच्या आयुष्याचे तास या कामी खर्ची पडतात, हे विसरू नये.

मजुरीविषयीही दक्षता घ्यावी. वरील २०० रु. हा आकडा आठही तास प्रत्यक्ष काम झाले तरच खरा ठरतो. फांद्या विखुरलेल्या असल्या आणि त्या ओढून आणण्यात वेळ गेला, तर आठ तासांच्या मजुरीत यंत्र पाचच तास चालते व तासाची मजुरी ३२० रु. होते. यासाठी फांद्या आदल्या दिवशी गाडीवाटेशेजारी आणून सर्वांचे बुंधे एकाच दिशेस येतील अशा रचाव्यात. बुंध्याकडून घातलेली फांदी यंत्रात सुलभपणे ओढली जाते.

वापराचे तास व खर्च

आता दोन्ही खर्च एकत्र मांडल्यास दर तासाचा एकूण खर्च असा पडतो :

वर्षाला ४० तास : १,१०० + ९०० = २,००० रु.
वर्षाला १०० तास : ४४० + ९०० = १,३४० रु.
वर्षाला २०० तास : २२० + ९०० = १,१२० रु.
वर्षाला २५० तास : १७६ + ९०० = १,०७६ रु.

२५० तासांहून अधिक वापर केल्यास यंत्र दहा वर्षांच्या आतच झिजेल. तेव्हा घसारा त्या प्रमाणात वाढवून धरावा लागेल.

आता असे धरू की, डिझेल, चालक व मजूर यांसह भाड्याच्या यंत्राचा दर तासाला १,४०० रु. आहे. वर्षाला ४० तासांचे काम असलेल्या बागायतदारास भाड्याने ५६,००० रु. लागतील आणि स्वतःच्या यंत्राने ८०,००० रु. लागतील. म्हणजेच केवळ मालकीच्या समाधानासाठी तो दर वर्षी २४,००० रु. मोजील. मालकी कोठपासून परवडते, हे काढण्याची रीत सोपी आहे. भाड्याच्या दरातून तासाचा चालू खर्च वजा करावा आणि येणाऱ्या आकड्याने वार्षिक स्थिर खर्चास भागावे. येथे ४४,००० ÷ ५०० = ८८ तास. याहून कमी काम असेल तर भाडे किफायतशीर, अधिक असेल तर मालकी.

अनुदानाने हे गणित बदलते, परंतु वाटते तितके नव्हे. निम्मी किंमत अनुदानातून मिळाली असे मानल्यास, मोडीची किंमत व निवारा-विमा पूर्वीप्रमाणेच धरून, वार्षिक स्थिर खर्च २४,००० रु. होतो आणि मर्यादा ४८ तासांवर येते. तासाचा ९०० रु. चालू खर्च मात्र एका पैशानेही घटत नाही.

पात्यांची निगा

पात्यांवरील खर्च लहान दिसतो, पण चालू खर्चाची बरीचशी सूत्रे त्याच्याच हाती असतात. समजा, पात्यांचा संच ६,००० रु. ना मिळतो व धार लावून लावून १०० तास पुरतो, तर तासाला ६० रु. पडतात. दर १० तासांनी धार लावण्यास २०० रु. दिल्यास आणखी २० रु. धार बोथट झाली म्हणजे लाकूड कापले न जाता चेचले जाते, ढलप्यांऐवजी लांब तंतू पडू लागतात आणि यंत्र हादरू लागते. अशा वेळी तासाला एकच लिटर डिझेल जादा लागले तरी ९० रु. जातात. वीस रुपये वाचविण्यासाठी नव्वद गमावणे कोणासही परवडणारे नाही. शिवाय हादऱ्यांमुळे बेअरिंगचे आयुष्य घटते ते वेगळेच.

संचातील सर्व पाती एकाच वेळी व सारख्या प्रमाणात घासावीत. एका पात्याचे वजन कमी झाल्यास फिरत्या भागाचा तोल जातो. फिरती पाती व स्थिर पाते यांमधील अंतर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे राखावे. फांद्यांना चिकटलेली माती व वाळू झटकावी. द्राक्षाच्या काड्यांतून तारेचे तुकडे कटाक्षाने वेचून काढावेत, कारण एका तुकड्याने संपूर्ण संच निकामी होऊ शकतो. लाकूड ओले असतानाच कापणे हितावह असते. महिनोन्महिने वाळलेल्या कठीण फांद्या धार लवकर घालवितात. नारळाच्या झावळ्यांचे तंतू फिरत्या भागास गुंडाळले जातात, म्हणून त्या यंत्रास चालतील की नाही याची खातरजमा खरेदीपूर्वीच करावी.

सुरक्षितता

अडकलेली फांदी काढण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि पाती पूर्णपणे थांबेपर्यंत वाट पाहावी. हात अथवा पाय मुखात कदापि घालू नये. पी.टी.ओ. दांड्यावरील आवरण काढू नये. उपरणे, पदर व सैल बाह्या यांस मज्जाव असावा. चष्मा व कान झाकणारी साधने यांस लागणारा खर्च अल्प आहे. अपघाताचा खर्च कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही.

ढलप्यांचे मोल

ढलप्या झाडाच्या आळ्यात ८ ते १० सेंटिमीटर जाडीच्या आच्छादनाप्रमाणे, खोडापासून थोड्या दूर, पसराव्यात. त्यांमुळे ओल टिकते व तण दबते. ताज्या ढलप्या मातीत मिसळू नयेत, कारण त्या कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडकून राहते. तेल्या रोग झालेल्या डाळिंबाच्या फांद्यांच्या ढलप्या बागेत मुळीच पसरू नयेत. जाड फांद्यांस सरपण म्हणून गिऱ्हाईक असेल तर त्या विकाव्यात. यंत्रात घालून त्यांवर डिझेल खर्च करण्यात लाभ नाही.

ज्या बागायतदाराचे काम ८८ तास भरत नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. प्रत्येकी ४० तासांचे काम असलेले पाच शेजारी एकत्र आले तर २०० तास सहज भरतात आणि प्रत्येकास १,१२० रु. दराने काम मिळते. मात्र चालक एकच असावा, तासांची नोंदवही ठेवावी आणि पात्यांचा व दुरुस्तीचा निधी दर तासामागे आधीच बाजूस काढावा. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून शेतकरी गटांच्या अवजारे बँकांनाही साहाय्याची तरतूद झाली. त्याविषयीची चौकशी आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.

तेव्हा बागायतदार बंधूंनी यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी एक हंगाम यंत्र भाड्याने आणून पाहावे, आपल्या बागेत किती तास लागले ते वहीत टिपावे आणि मगच निर्णय घ्यावा.