स्वमग्न शिक्षकांचीही गरज
दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 सिल्वासातही लागू आहे. त्याच्या कलम 34 नुसार सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव असतात. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक व अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. कलम 17 ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे दिव्यांग शिक्षकही नेमायला सांगते. हाच न्याय स्वमग्न मुलांच्या वर्गाला लावायला हवा. ज्यांना संवादच जड जातो ते शिकवणार कसे, असा आक्षेप घेतला जातो. पण एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांच्या 2020 मधील प्रयोगात स्वमग्न प्रौढांनी एकमेकांपर्यंत माहिती इतरांइतकीच नीट पोहोचवली. यासाठी पात्रता शिथिल करायला नको. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी सर्वांना सारखीच राहावी. बदलावी ती मुलाखतीची पद्धत आणि कामाची जागा.