माशांच्या टाकीचे लोणार होऊ नये म्हणून

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे माशांच्या टाकीतले पाणी भराभर उतरते. आपण वरून तेवढेच ओततो आणि पाणी बदलले असे समजतो. आम्हीही तसेच समजत होतो. काचेवर पांढरा थर धरू लागला आणि मासे मलूल झाले, तेव्हा चूक ध्यानात आली.

वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात. आपल्या वऱ्हाडातले लोणार सरोवर पाहा. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते, पण बाहेर वाहून जायला ओढा नाही. म्हणूनच ते खारे झाले. जून 2020 मध्ये ते गुलाबी दिसले तेही अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. टाकीत शिवाय माशांनी सोडलेला अमोनिया असतो. जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट नेहमीच्या फिल्टरने निघत नाही. तेव्हा पाण्याला बाहेरची वाट हवी.

पंप आणि टायमर लावून हे करता येते. परंतु वीज गेली की ते बंद, आणि टायमर अडकला तर टाकी रिकामी! आम्ही गुरुत्वाकर्षणावर भिस्त ठेवली. टाकी 60 सेंमी लांब, 30 रुंद, 40 उंच. पाणी 33 सेंमीपर्यंत, म्हणजे सुमारे 60 लिटर. वर फळीवर 12 लिटरचा कॅन ठेवून त्याच्या तळाशी सलाइनचा नवा सेट बसवला. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो. मिनिटाला 24 थेंब सोडले की दिवसाला 1.7 लिटर, आठवड्याला 12 लिटर. कॅनमधली पातळी उतरेल तसे थेंब मंदावतात, म्हणून मधूनमधून घड्याळ लावून मोजावेत. मुलांना हे काम फार आवडते.

टाकीशेजारी घमेल्यात उंच बाटली ठेवावी. तिचे तोंड बरोबर 33 सेंमीच्या पातळीला हवे. पाण्याने पूर्ण भरलेल्या वक्रनळीचे एक टोक टाकीत, दुसरे बाटलीत खोल बुडवावे. दोन्हीकडची पातळी सारखी राहते आणि जादा पाणी बाटलीच्या तोंडावरून सांडते. थेंब थांबले तरी नळी भरलेलीच राहते. नळीत बुडबुडा अडकून ती बंद पडलीच, तर? वरच्या मोकळ्या 7 सेंमीत 12.6 लिटर मावतात. कॅनमध्ये आहेतच 12. जमीन कोरडी राहते.

एकदम 12 लिटर काढले तर जुने पाणी 20 टक्के जाते. थेंबाथेंबाने नवेही थोडे वाहून जाते, म्हणून 18 टक्केच. हा तोटा आम्हाला परवडतो. खरी गफलत उन्हाळ्यात होते. समजा, रोज अर्धा लिटर उडाले. मग 1.7 आत, पण 1.2 च बाहेर. क्षार येणाऱ्या पाण्याच्या सुमारे 1.4 पट होऊन तिथे थांबतात. नुसते वरून ओतले तर ते थांबतच नाहीत. म्हणून मोजायचे ते घमेल्यातले पाणी, कॅनमधले नव्हे.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मुळातच खारे, त्याची 1.4 पट माशांना सोसणार नाही. तिथे धरणावरून येणारे नळाचे पाणी घ्यावे आणि क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच कॅनमध्ये भरावे. घमेल्यातले पाणी कुंड्यांना चालते.