शिकेकाई : ती केसांस काय देते व काय देत नाहीं

केस गळूं लागले म्हणजे घरोघरीं शिकेकाईची आठवण होते. ती योग्यच आहे. परंतु तिच्याकडून कोणत्या गुणाची अपेक्षा करावी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जिवंत भाग तो मुळाशीं. यास्तव केसांची हानि दोन प्रकारची : एक मध्येंच तुटणें, दुसरी मुळापासून गळणें. पहिल्या प्रकारांत शिकेकाई खरोखर उपयोगी आहे. देशावरील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. त्यांतील चुन्याच्या अंशाशीं साबणाचा संयोग होऊन चिकट मळी बनते व ती केसांवर बसते. शिवाय साबण क्षारधर्मी असल्यामुळें केस खरखरीत होऊन विंचरतांना तुटतात. शिकेकाईच्या शेंगांतील फेस आणणारें द्रव्य, सॅपोनिन, जड पाण्यांतहि अशी मळी करीत नाहीं. व तिचा काढा किंचित् आंबट असल्यामुळें केस मऊ राहतात.

कृति : सुक्या शेंगांचे तुकडे एक मूठ, बिया काढलेले चार रिठे व थोडी आवळकाठी हीं रात्रीं एक लिटर पाण्यांत भिजत घालावीं. भांडें लोखंडी नसावें. पाणी काळें पडतें. सकाळीं उकळून, कोमट झाल्यावर फडक्यानें गाळून त्याच दिवशीं वापरावें. डोळ्यांत जाऊं देऊं नये, फार झोंबतें.

आतां मुळापासून गळण्याविषयीं. माझ्या कन्येस विषमज्वर येऊन गेल्यावर तिसऱ्या महिन्यांत तिचे केस मुठीमुठीनें जाऊं लागले. जत्रेंतील एका विक्रेत्याकडून मीं महाग तेलाची बाटली आणली. सहा महिन्यांनीं केस पुन्हां आले, आणि यश बाटलीस मिळालें! पुढें डॉक्टरांनीं उलगडा केला कीं, मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोनतीन महिन्यांनीं असें होतें व बहुधा केस आपोआप परत येतात. गळती थांबेना तर रक्त तपासून घ्यावें. अंगांत लोह कमी असतां नुसतें डोकें धुण्यांत दिवस घालवूं नयेत.

शेवटीं शेतकरी बंधूंस एक सूचना. शिकेकाईची वेल कांटेरी असल्यामुळें बांधावर कुंपणाचें काम करते व शेंगाहि देते. महसूल खात्यांत पीकपाहणीचे कागद तपासतांना बांधावरील झाडांकडे माझें लक्ष क्वचितच जाई. आतां वाटतें, ज्याच्या बांधावर ही वेल आहे, त्यास बाजारांतील भेसळीच्या पुडीची गरज नाहीं.