विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट

कामथडीतल्या शेताचा सातबारा आज मोबाइलवर पाहायचा तर वाट ठरलेली आहे: पुणे विभाग, पुणे जिल्हा, भोर तालुका, कामथडी गाव आणि शेवटी गट नंबर. नुसता गट नंबर सांगून काही हाती लागत नाही, कारण तोच आकडा शेजारच्या गावातही असतो. महसुली दप्तराची ही उतरंड संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे.

संगणकाला ती मागाहून मिळाली. १९६५ मध्ये डेली आणि नॉयमन यांनी मल्टिक्स प्रणालीसाठी फोल्डरात फोल्डर आणि त्यात फाइल अशी रचना मांडली. पुढे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सने ती सुटसुटीत केली. १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये मात्र फोल्डर नव्हतेच, फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली एकाच यादीत असत. ही सोय १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

युनिक्सची युक्ती मला फार मोलाची वाटते. तिथे फोल्डरात फाइल नसतेच. असते नाव आणि त्यापुढे एक क्रमांक. मालक कोण, मजकूर डिस्कवर कुठे, हे त्या क्रमांकाच्या नोंदीत असते. तिला आयनोड म्हणतात. संगणक मुळापासून निघतो, नाव शोधतो, क्रमांक घेतो आणि एकेक पायरी खाली उतरतो. त्यामुळे फोल्डरचे नाव बदलले तरी आतली फाइल जागची हलत नाही. शेजारच्या वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. त्याने शिवारातला एकही बांध सरकला नाही.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ ची. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. आता जमिनीच्या तुकड्याला अकरा अंकी भू-आधार क्रमांकही मिळतो आणि मालक बदलला तरी तो तोच राहतो. आयनोडचीच ही रीत, आणि ती योग्य आहे.

पण उतरंड नोंद कुठे आहे एवढेच दाखवते. ती बरोबर आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढताना नाव किंवा क्षेत्र चुकले असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. घरातला जुना उतारा काढा आणि नव्याशी ओळ न् ओळ ताडून पाहा.