चौतीस आणि चौसष्ट

टेंभुर्णीहून लातूरकडे निघालेली एसटी कुर्डुवाडी मागे टाकून बार्शीत शिरते. बार्शी म्हटलं की आपल्याला आठवतं भगवंताचं देऊळ आणि धान्याची पेठ. कर्करोगतज्ज्ञांना मात्र हे गाव ठाऊक आहे ते तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयामुळे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथेच सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या नोंदी बोलक्या होत्या. बायकांमध्ये सर्वांत जास्त गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि दवाखाना गाठेपर्यंत तो बहुधा बळावलेला. अंगावरून जातंय, हे सांगायचं कुणाला?

या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. संसर्ग तसा सर्रास होणारा. बहुतेकींची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते, पत्ताही लागत नाही. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो आणि पेशींची बेसुमार वाढ रोखणारी राखणदार प्रथिनंच निकामी करतो. तिथून कर्करोग व्हायला बरीच वर्षं जातात. म्हणजे चोर पकडायला सवड भरपूर. पकडायचा कसा, एवढाच प्रश्न.

बार्शीचे डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांनी १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तो प्रश्न हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची विषाणूचाचणी झाली, दुसऱ्याची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरमधलं सौम्य आम्ल लावायचं. बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी पडते. चौथ्या गटाला तपासणी कुठे होते, एवढीच माहिती.

आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूचाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. गट साधारण सारखेच आणि चाचणी आयुष्यात एकदाच. पॅप किंवा आम्लाने मृत्यूंत एवढा फरक पडला नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली. तो चौसष्टचा आकडा मलाही टोचतो.

आता या विषाणूवर लसही आहे; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. विषाणू येण्याआधीच ती शरीराला त्याची ओळख करून देते, म्हणून ती लहान वयातच द्यायची. मुलीला लस द्याच. पण तिच्या तिशी ओलांडलेल्या आईची विषाणूचाचणीही एकदा करून आणा.