कोंड्याची योग्यता

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याला कोंडा हे सर्वांत हलके अन्न वाटत होते, हे उघड आहे. परंतु कोंडा खरोखरच इतका हलका आहे काय?

१०० किलो भात गिरणीत नेले, की ६५ ते ७० किलो तांदूळ हाती येतो. उरलेल्यात सुमारे २० किलो तूस असते. तूस म्हणजे दाण्यावरचे पिवळे, खरखरीत कवच. त्यात वाळूतील सिलिका पुष्कळ असल्यामुळे गुरांनाही ते पचत नाही. ते भट्टीत जाळावे हेच बरे. तूस निघाल्यावर दाण्यावर एक पिंगट पापुद्रा राहतो. तांदूळ पांढराशुभ्र दिसावा म्हणून गिरणीत तो घासून काढतात. त्याची पूड आणि तिच्याबरोबर निघालेला दाण्याचा कोंब, हाच कोंडा. तो ८ ते १० किलोच भरतो. पण कोंबातून नवे रोप यावयाचे असते, म्हणून निसर्गाने तेथे जणू शिदोरीच बांधून ठेवलेली असते. पांढऱ्या तांदळात प्रथिने शेकडा ७ च्या आसपास, तर कोंड्यात शेकडा १२ ते १४. तांदळात तेल नसल्यासारखेच. कोंड्यात मात्र ते शेकडा १५ पर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक सापडते.

या पापुद्र्याचे महत्त्व जगाला कोंबड्यांनी शिकविले. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आयकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या, आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळले, की मधल्या काळात त्यांना रुग्णालयातील पांढरा भात घातला जात होता. नव्या स्वयंपाक्याने तो देण्याचे नाकारले, तेव्हापासून त्या सुधारल्या. पांढऱ्या तांदळाबरोबर कोंडा चारला, तर रोग होत नाही, हे पुढे प्रयोगांनी दिसून आले. कोंड्यातील त्या द्रव्याला आपण आज ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आयकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाक्याचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही!

गहू दळून मैदा काढताना निघणारा कोंडाही असाच गुणी. त्यात प्रथिने शेकडा १५ च्या आसपास असतात, आणि तो पोट साफ ठेवतो; म्हणून व्यालेल्या गाईच्या आंबोणात तो आवर्जून घालतात. तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ करताना टरफले, बारीक कण्या आणि कोंब वेगळे होतात. ती चुणी. आपल्याला ही टरफले पचणार नाहीत. परंतु गाईम्हशींच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते त्यांतील तंतू फोडतात, आणि त्याचेच पुढे दूध होते.

तथापि केवळ कोंड्यावर जनावर पोसू नये. त्यात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम अगदी थोडे असते. पूर्वी पाश्चात्त्य देशांत गिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावरच वाढत. त्यांच्या जबड्याची हाडे मऊ पडून फुगत, आणि लोक त्याला 'गिरणीवाल्याचा रोग' म्हणत. म्हणून कोंड्याबरोबर लसूणघासासारखा हिरवा चारा व क्षारमिश्रण द्यावे लागते.

आणखी एक अडचण आहे. भाताच्या कोंड्यातील तेल थोड्याच दिवसांत खवट होते. शिवाय जुन्या पद्धतीच्या गिरणीत तूस व कोंडा एकत्रच बाहेर पडतात, आणि काही व्यापारी तर मुद्दाम तुसाची पूड मिसळतात. मग गवळी पैसे मोजतो कोंड्याचे आणि म्हशीपुढे पडते तूस. दूध का आटले, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. जाणता शेतकरी पोते घेण्यापूर्वी मूठभर कोंडा हातात घेतो, हुंगतो, बोटांत चोळतो. ताज्या कोंड्याला गोडसर वास येतो, आणि तो बोटांना मऊ लागतो. तूस मिसळलेला असेल, तर तो चरचरतो.