कोड सिलिंडर सांगतो, दोष नाही

नांदेडच्या एमएच-२६ वा लातूरच्या एमएच-२४ पाटीची पेट्रोल गाडी मिसफायर करू लागली, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने ‘पी ०३०३’ दाखवला, की लगेच तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलणे मला चुकीचे वाटते. हा कोड देताना इंजिनचा संगणक कॉइल तपासत बसत नाही. क्रँकशाफ्टचा वेग मोजतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग किंचित मंदावला, की तिथे इंधन नीट जळले नाही, एवढेच त्याला कळते. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर, वाल्व्ह यांपैकी काहीही असू शकते. म्हणून नांदेड-लातूरच्या गॅरेजांत आधी तिसरी कॉइल दुसरीशी अदलाबदल करावी, कोड पुसावा, इंजिन चालवून पाहावे. ‘पी ०३०२’ आला, म्हणजे मिसफायर दुसऱ्या सिलिंडरवर सरकला, तर दोष कॉइलचाच. कोड जागचा हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. ‘पी ०३००’ मात्र एका सिलिंडरवर बोट ठेवत नाही. तिथे हवेची गळती आणि इंधनाचा दाब आधी पाहावा.

अनुभवी मिस्त्री आवाजावरून ओळखतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचा कान मोलाचाच आहे, पण गाडी अडखळते हे सांगणारा कान कॉइल आणि इंजेक्टर यांत फरक करीलच असे नाही. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र, सहज हात पोहोचणारी कॉइल असेल तर ही अदलाबदल काही मिनिटांत होते. दिवा लुकलुकत असेल तेव्हा मात्र गाडी लांब पळवू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो, निकामी होतो, आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते.